लसीचा दिवस बुडाला, दुखण्याच्या गोळ्या संपल्या: जाब कुणाला, कसा आणि कोणत्या क्रमाने विचारायचा

गावात लसीचा दिवस ठरलेला असतो आणि सिस्टर येतच नाहीत. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, गुडघ्याने हैराण झालेल्या म्हातारीला दोन दिवसांच्या गोळ्या देतात आणि बाकीच्या बाहेरून घ्या म्हणतात. यावर आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारात, चोपड्यापासून धडगावपर्यंत, लोक साधारण तेच करतात: आशाताईला बोलतात, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात, किंवा चिडून थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात आणि त्यात "लसीकरण का झाले नाही?" असं विचारतात. महिनाभराने उत्तर येतं की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही, आणि मग सगळे म्हणतात की सरकारचं काहीच होत नाही.

होतं. पण क्रम चुकला की होत नाही. त्यामुळे खालचे टप्पे शक्यतो याच क्रमाने करा.

टप्पा १: आधी बाळ आणि रुग्ण, मग कागद

तक्रार चालू आहे म्हणून डोस थांबवायचा नाही. आपलं सत्र बुडालं तर शेजारच्या गावाच्या सत्राला किंवा पीएचसीत बाळ घेऊन जा. सरकारी लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, "तुम्ही आमच्या हद्दीतले नाही" हे कारण चालत नाही. सोबत माता बाल संरक्षण कार्ड न्या, ते हरवलं असेल तर यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंदवलेला मोबाईल नंबर सांगा.

आणि उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सगळं परत सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. पण काही लसींना वयाची मर्यादा आहे. हिपॅटायटिस बीचा जन्माचा डोस २४ तासांत, पोलिओचा शून्य डोस १५ दिवसांत, बीसीजी एक वर्षापर्यंत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. म्हणून कार्ड उघडून तुमच्या बाळाची कुठली मर्यादा जवळ आली आहे ते बघा, तक्रारीत तेच सगळ्यात वर लिहायचं आहे.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे किंवा कारखान्यांवर जाणाऱ्या घरांनी तर कार्डाचा फोटो दोन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवावाच, होळीला परत आल्यावर "कोणता डोस झाला ते माहीत नाही" ही अडचण सगळ्यात जास्त याच मुलांची होते.

दुखण्याच्या रुग्णाचंही तसंच. तुमच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील, म्हणजे ज्यांना आपण सीएचओ म्हणतो, तर त्यांना सांगून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांशी बोलणं करून घ्या. मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं टोचत राहू नका, किडनी आणि पोट दोन्ही बिघडतं.

टप्पा २: नेमकं काय बिघडलं ते ओळखा

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि पुढचं सगळं वाया जातं. "लसीकरण झालं नाही" यामागे किमान पाच वेगवेगळी कारणं असू शकतात, आणि प्रत्येकाचा जबाबदार माणूस वेगळा आहे:

- आरोग्य सेविकेचं पदच रिक्त आहे, शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे चार्ज आहे. हा जिल्हा परिषदेचा प्रश्न, त्या सिस्टरचा नाही.
- लस पीएचसीतच नव्हती. लस दोन ते आठ अंश तापमानात आयएलआरमध्ये, म्हणजे लसीच्या खास फ्रीजमध्ये, ठेवतात आणि तिचा साठा ऑनलाइन प्रणालीवर दिसतो, त्यामुळे कुठल्या दिवशी किती डोस शिल्लक होते हे लपून राहत नाही.
- लस होती पण सत्राच्या ठिकाणी पोचवायला माणूस किंवा गाडी नव्हती.
- तुमचा पाडा किंवा वस्ती सूक्ष्म कृती आराखड्यातच नाही, ज्याला दवाखान्यात सगळे मायक्रोप्लॅन म्हणतात. म्हणजे सत्र बुडालं नाही, ते कधी ठरलंच नव्हतं. सातपुड्यातल्या पाड्यांवर, वीटभट्ट्यांवर, नदीकाठच्या वस्त्यांवर हे फार होतं.
- सत्र झालं, पण आयांना कळवलंच नाही.

अजून एक नेहमीचं उत्तर असतं: "मुलं कमी आहेत, बीसीजीची बाटली उघडता येत नाही." बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी कालवल्यावर चार तासांत वापरावी लागते हे खरं आहे, म्हणून सिस्टर वाया जाण्याला घाबरतात. पण एका बाळासाठी कुपी उघडायची नाही असा काही नियम नाही. शांतपणे एवढंच म्हणा, "ताई, मग असं लिहून द्या." बऱ्याचदा तिथेच कुपी उघडते.

हे सगळं कळणार कसं? पीएचसीच्या भिंतीवर किंवा लसीकरणाच्या खोलीत मायक्रोप्लॅनचा तक्ता लावलेला असतो, उपकेंद्र, गाव, सत्राचं ठिकाण, वार. त्याचा फोटो घ्या, पण विचारून घ्या. पाड्याचं नाव त्यात नसेल तर तुमची अर्धी केस तयार झाली.

गोळ्यांच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवा: बाहेरून आणायला सांगितलेली चिठ्ठी. ती फेकायची नाही, मेडिकलचं बिल त्याच चिठ्ठीला टाचायचं आणि केसपेपरचा फोटो काढायचा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे "चिठ्ठी अधिक बिल" हा सगळ्यात बोलका पुरावा आहे. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, त्यांना हा निर्णय जसाच्या तसा लावू नका.

*तपासून बघा: तारीख, ठिकाण, कोणती लस किंवा कोणती गोळी, कोण काय बोललं. या चारपैकी एक जरी रिकामं असेल तर पुढे जाऊ नका.*

टप्पा ३: कुणाची हद्द आहे ते बघा

सगळ्यात जास्त अर्ज इथे मरतात. लोकांना वाटतं सरकारी दवाखाना म्हणजे एकच खातं. तसं नाही.

उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेकडे. तक्रार आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी, त्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी.

ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो. इथे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज देऊन उपयोग नाही, ते फार तर पुढे पाठवतील.

मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तक्रार अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या, नावाने. आणि जळगाव, धुळे शहरात राहत असाल तर शहरातले नागरी दवाखाने महापालिकेकडे, तिथे महापालिकेचे आरोग्य अधिकारी.

दुखण्याच्या बाबतीत अजून एक गोंधळ आहे. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला मॉर्फीनच्या गोळ्या लागतात, आणि घरचे पीएचसीत जाऊन "गोळी द्या" म्हणून भांडतात. पीएचसीत ती सहसा नसतेच. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला आणि मॉर्फीनसारखी औषधं ठेवायला मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था अशी सोय आली, म्हणजे रुग्णालयाला ती मान्यता लागते आणि प्रशिक्षित डॉक्टर लागतो. त्यामुळे प्रश्न सिव्हिल सर्जनला किंवा अधिष्ठात्यांना विचारायचा: आपल्या रुग्णालयाला ही मान्यता आहे का, मॉर्फीन साठ्यात आहे का, पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात वेदना कमी करण्याच्या उपचारांची, ओपीडी कोणत्या वारी असते? हे तीन प्रश्न लेखी विचारा. वेदनेत पडलेल्या माणसाला दहा ठिकाणी फिरवायचं नसेल तर हा कागद आधी टाकावाच लागतो.

गुडघा, कंबर, मधुमेहाने पायाची आग होणं, यासाठी मात्र खालच्या पातळीवरच सोय हवी. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे त्या नावाने चालणाऱ्या उपकेंद्र-पीएचसीच्या, बारा सेवांमध्ये वृद्ध आणि पॅलिएटिव्ह सेवा आहे, फक्त बीपी-शुगर नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी भेट देणं हे त्याच सेवेत येतं, ते मागा.

आणि सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. नंदुरबार, साक्री, शिरपूर, यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात हा आजार ज्या घरात आहे त्यांना माहीत आहे की झटका आला की मूल कसं तळमळतं. या मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध, वेदनेची औषधं आणि वेळेवर न्यूमोकोकल लस या तिन्ही गोष्टी लागतात, त्यामुळे लसीचं एक सत्र बुडालं तर यांना त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. तक्रारीत मूल सिकलसेलचं आहे हे घरच्यांची परवानगी घेऊन जरूर लिहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, तो उल्लेखही करा.

टप्पा ४: लेखी तक्रार, एका विषयाची एक

लस आणि औषधं एकाच अर्जात घालू नका. दोघांची टेबलं वेगळी, कधी कधी कार्यालयंही वेगळी, आणि एकत्र अर्ज आला की प्रत्येक टेबल दुसऱ्याकडे ढकलतं.

नमुना साधा ठेवा:

"प्रति, मा. तालुका आरोग्य अधिकारी. विषय: (उपकेंद्राचं नाव) अंतर्गत (पाडा) येथे दि. … व दि. … रोजीचे लसीकरण सत्र न झाल्याबाबत. वरील दोन्ही दिवशी अंगणवाडीत सत्र झाले नाही. एकूण … बालकांचे डोस राहिले असून त्यांपैकी … बालकांची वयोमर्यादा येत्या महिन्यात संपते. मागणी: १) राहिलेल्या बालकांसाठी सात दिवसांत जादा सत्र घ्यावे. २) पुढील तीन महिन्यांच्या सत्रांच्या तारखा ग्रामपंचायतीस लेखी कळवाव्यात. ३) पाड्याचा सूक्ष्म कृती आराखड्यात स्वतंत्र ठिकाण म्हणून समावेश करावा."

बस, एवढंच. "संबंधितांवर कडक कारवाई करावी" हे वाक्य सगळे घालतात आणि त्यामुळे सगळं खातं बचावाला उभं राहतं, सत्र मात्र होत नाही. जे हवं आहे ते मागा, मोजता येईल असं मागा.

आजी-आजोबांचं म्हणणं लिहिताना त्यांच्याच बोलीत ऐका, अहिराणी असो, पावरी असो की भिलोरी. एखादी आजी "दोन दिनन्याच गोया दिन्यात" म्हणते, तेव्हा अर्जात "अपुरा औषधपुरवठा" असं जड काही लिहू नका, "दि. … रोजी ३० दिवसांच्या गोळ्या लिहिल्या असताना फक्त २ दिवसांच्या दिल्या" असं लिहा. तिने सांगितलेला आकडा मराठी करताना हरवतो, तो हरवू देऊ नका.

आता पोच. अर्ज दोन प्रतींत न्यायचा. आवक टेबलावरचा माणूस बहुतेक वेळा म्हणतो, "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा, मी देतो." ठेवून जायचं नाही. दुसरी प्रत पुढे करायची आणि म्हणायचं, "भाऊ, याच्यावर शिक्का आणि आवक नंबर द्या." साहेब असणं गरजेचं नाही, आवक नोंदवायला तो टेबलच पुरेसा आहे. गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही, या चारही गोष्टी तुमच्या प्रतीवर दिसल्या पाहिजेत, आणि तिथेच उभं राहून फोटो काढा कारण शाई उडते, कागद भिजतो. घेतच नसतील तर पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा घ्या.

*सावधान: दवाखान्यात आरडाओरड, अंगावर जाणं, टेबलावर आपटणं अजिबात नको. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेचा महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखालचा गुन्हा अजामीनपात्र आहे. तक्रार मागे पडते आणि तुम्हीच आरोपी होता.*

टप्पा ५: गावातून ठराव

एकट्याच्या अर्जापेक्षा ग्रामसभेचा ठराव जड पडतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, त्यामुळे पुढची कधी आहे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आधीचे ग्रामसेवक) विचारून विषयपत्रिकेत हा विषय आधीच घाला. ऐनवेळी उठून बोललं तर इतिवृत्तात येत नाही आणि मग ते बोललंच नाही असं धरतात.

पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा लागू आहे तिथे, उदाहरणार्थ अक्कलकुवा, धडगाव आणि साक्री-शिरपूर-चोपडा-यावल-रावेरच्या पेसा गावांत, पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते. मोठ्या गावाच्या सभेत पाड्याचा आवाज दबतो, म्हणून हे वापरा.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणि उपकेंद्राची जन आरोग्य समिती कागदावर बहुतेक गावांत आहेत. सदस्य कोण ते विचारा, मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. पीएचसीत रुग्ण कल्याण समिती असते, थोडी औषधं तातडीने खरेदी करायचा विषय तिच्यापुढे ठेवता येतो.

आणि आशाताई, सिस्टर यांना विरोधात उभं करू नका. त्यांच्याकडे राहिलेल्या बालकांची ड्यू लिस्ट असते, आणि दोन-दोन उपकेंद्रांचा चार्ज सांभाळणाऱ्या सिस्टरला स्वतःलाच पद भरलेलं हवं असतं. त्या स्वतः लिहू शकत नाहीत ते तुमचा ठराव लिहू शकतो.

टप्पा ६: माहिती अधिकार, पण आता

लेखी तक्रार देऊन पंधरा-वीस दिवस काही हाललं नाही की माहिती अधिकाराचा अर्ज टाका. सगळ्यात महत्त्वाचं: "का" विचारायचं नाही, कागद मागायचा. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवणं सगळ्यात सोपं. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी नाही.

लसीसाठी असं मागा: ठराविक सहा महिन्यांचा कालावधी घालून, १) सूक्ष्म कृती आराखड्याची प्रत, २) प्रत्येक सत्राच्या टॅली शीटची (सत्रात दिलेल्या डोसच्या नोंदीची) प्रत, ३) रद्द झालेल्या सत्रांबाबतचा पत्रव्यवहार, ४) आरोग्य सेविकेचं पद मंजूर, भरलेलं की रिक्त ते दाखवणारा कागद, ५) माझ्या दि. … च्या आवक क्र. … अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत.

पाचवा मुद्दा विसरू नका. तुमचा अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडला होता ते त्यातूनच बाहेर येतं, आणि बऱ्याच वेळा फक्त हा मुद्दा वाचून फाईल हलते.

औषधांसाठी दुसरा अर्ज: त्या औषधांच्या साठा नोंदवहीची संबंधित महिन्यांची पानं, वर पाठवलेली मागणीपत्रं आणि मिळालेल्या पुरवठ्याच्या पोचा. मागणीपत्रच गेलं नसेल तर चूक खालची, मागणी गेली आणि पुरवठा आला नाही तर चूक वरची.

रुग्णांची किंवा बालकांची नावं मागू नका. ती खासगी माहिती आहे आणि त्या एका कारणावरून सगळा अर्ज नाकारतात. "नावे झाकून प्रती द्याव्यात" असं स्वतःच लिहा. प्रती जास्त होत असतील तर नोंदींची पाहणी मागा, कायद्यात तो हक्क आहे.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला परत करायचा नसतो. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदतीनंतर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते, त्यामुळे उशिरा आलेल्या पत्रात प्रतींचे पैसे मागितले तर भरण्याआधी तारीख मोजा.

टप्पा ७: अपील आणि वरची दारं

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अपिलात नवे प्रश्न घालू नका, मूळ अर्जातला कोणता मुद्दा दिला नाही तेवढंच लिहा. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, आपले तिन्ही जिल्हे तिथेच येतात. तिथे तारीख लागायला वेळ जातो, म्हणून त्याच्यावर अवलंबून बसू नका.

त्याच्या जोडीला लोकशाही दिन वापरा. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकाऱ्यांचा पहिल्या सोमवारी. अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि आधी तालुक्याला, तिथे महिनाभरात सुटलं नाही तर जिल्ह्याला. लोक थेट कलेक्टर ऑफिसला जातात आणि परत पाठवले जातात. अजून एक, माहिती अधिकाराचं भांडण तिथे घेत नाहीत, सत्र झालं नाही किंवा औषध मिळालं नाही ही मूळ तक्रारच न्या, आणि टप्पा ४ मधली पोच जोडा. आपले सरकार पोर्टलवरही हीच तक्रार टाका आणि टोकन नंबर लिहून ठेवा.

टप्पा ८: सुरू झालं की लगेच सोडू नका

तक्रारीनंतरचं पहिलं सत्र जवळजवळ नेहमी होतं, अगदी दोन सिस्टर आणि सुपरवायझरसकट. खरं कळतं ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. म्हणून गावातल्या एकाने, शक्यतो अंगणवाडीजवळ राहणाऱ्या बाईने, एका वहीत तीन महिने चार रकाने भरायचे: ठरलेली तारीख, सत्र झालं का, किती बालकं आली, किती परत गेली आणि का. गोळ्यांसाठी तशीच दुसरी वही, किती दिवसांच्या लिहिल्या आणि किती दिवसांच्या मिळाल्या. रुग्णाला दुखणं शून्य ते दहामध्ये किती हे विचारून तोही आकडा लिहा, डॉक्टरांना औषध बदलायला त्याचा खरोखर उपयोग होतो.

सलग दोन महिने रकाना रिकामा गेला तर नवा अर्ज लिहायचा नाही, जुन्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यायचं, वहीच्या पानांच्या झेरॉक्ससह. नवा अर्ज दिला की त्यांची मोजणी परत शून्यापासून सुरू होते.